कोळंबीच्या तळ्याची फाईल: किनाऱ्यावरचे परवाने आणि त्यांची रखडपट्टी

माझ्या पहिल्या तळ्याचा अर्ज मी एका ऑक्टोबरात दिला आणि बीज (कोळंबीची पिल्लं) सोडलं ते पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या फेब्रुवारीत. सोळा महिने गेले. पुढे माहितीच्या अधिकारात फाईलचा प्रवास काढला, तेव्हा कळलं की यातले जेमतेम तीन महिने कुणीतरी माझ्या अर्जाचा खरोखर विचार करत होतं. बाकीचा बराचसा काळ फाईल एका त्रुटीपत्राच्या, म्हणजे अर्जातल्या उणिवा कळवणाऱ्या पत्राच्या, उत्तराची वाट पाहत पडून होती. ते पत्र कुणा एका कार्यालयाने सातबाऱ्यावरच्या माझ्या चुलत्यांच्या मुंबईतल्या जुन्या पत्त्यावर पाठवलं होतं. चुलते ती खोली सोडून नऊ वर्षं झाली होती.

कोकणात वन्नामेई जातीच्या कोळंबीचं एक पीक साधारण चार महिन्यांचं असतं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत माल काढावा लागतो. त्यामुळे कचेरीतला दीड महिन्याचा उशीर आपल्याकडे सहा-आठ महिन्यांचा होतो. म्हणून परवान्याचं वेळापत्रक मागून पुढे मांडा: बीज कधी सोडायचं ते ठरवा आणि तिथून एक वर्ष मागे या. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कोळंबी, जिताडा मासा वगैरे करणाऱ्यांसाठी आहे. जेट्टी, शेड, निवास अशी बांधकामं करणाऱ्यांचंही थोडं येईल.

सही का होत नाही

टाळाटाळ, चिरीमिरी हे असतंच, नाही म्हणत नाही. पण किनाऱ्यावरच्या फाईलला आणखी एक जडपणा आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात निकाल दिला आणि किनारा नियमन क्षेत्रातली (सीआरझेड), पारंपरिक पद्धती सोडून बाकीची कोळंबी तळी हटवायला सांगितलं. त्यातूनच पुढे २००५ चा तटीय जलकृषी प्राधिकरण कायदा आला. कांदळवनाच्या (मॅन्ग्रोव्हच्या) बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, आणि २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा सांगितला. चुकीच्या जागी परवानगी दिली तर उद्या आपल्या नावाने अवमान याचिका येईल, ही भीती किनारी तालुक्यातल्या प्रत्येक टेबलावर आहे.

त्या खुर्चीतून बघा. सही केली तर धोका, आणि सही न करता एक शंका काढून फाईल खाली पाठवली तर काहीच धोका नाही. मग माणूस शंका काढणारच. आपलं काम एवढंच, की शंका काढायला जागा ठेवायची नाही, आणि जी निघेल तिचं उत्तर त्याच फाईलमध्ये आधीच्या पानावर असेल असं बघायचं.

आधी ठरवा, आपण नेमके कुठल्या कायद्याखाली येतो

समुद्र, खाडी, नदी किंवा बॅकवॉटरच्या भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आत खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात संवर्धन करायचं असेल, तर चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. कलम १३ खाली ती मिळते आणि पाच वर्षं चालते. गोड्या पाण्याची मत्स्यशेती या कायद्यात येत नाही. त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर रोहू-कटला करणाऱ्याने या फाईलच्या वाटेला जायचं कारण नाही. तरी लोक जातात, आणि त्यांना परत पाठवायलाही कचेरी दोन महिने घेते.

२०२३ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तुरुंगवासाची शिक्षा जाऊन आर्थिक दंड आला. हॅचरी (बीज तयार करणारी केंद्रं), बीजजनक केंद्रं, शेवाळशेती, पिंजऱ्यातलं संवर्धन यांनाही कायद्यात स्पष्ट जागा मिळाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की या कायद्याखालची नोंदणी हीच सीआरझेड अधिसूचनेखालची वैध परवानगी समजायची, लहान शेतकऱ्याने त्यासाठी वेगळा किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाचा फेरा मारायचा नाही, अशी तरतूद आली. मात्र ती खालच्या कचेरीत पोचली असेलच, हे गृहीत धरू नका. ‘सीआरझेडची एनओसी आणलीत का?’ हा प्रश्न अजून येतो. दुरुस्ती कायद्याच्या राजपत्राची प्रत, त्या ओळीवर पिवळी खूण करून, अर्जासोबतच लावा. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे सरकवलेला बरा.

कुठे तळं होणारच नाही, तेही बघून घ्या. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, समुद्राच्या बाजूचं ना-विकास क्षेत्र आणि खाडी-नदीच्या काठचा बफर पट्टा या ठिकाणी तळी खोदता येत नाहीत. हॅचरी आणि शेवाळशेतीसारख्या काही गोष्टींना ना-विकास क्षेत्रात सूट आहे.

बांधकामाची गोष्ट वेगळी. बर्फाचा कारखाना, प्रक्रिया शेड, जेट्टी यांना १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे जावं लागतं. सीआरझेड २ आणि ३ (वसलेला शहरी आणि ग्रामीण किनारा) मधले प्रस्ताव राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे निकाली निघतात, तर १ आणि ४ (संवेदनशील व भरती-ओहोटीमधला भाग आणि पाणी) मधले साधारणपणे त्याच्या शिफारशीने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे जातात. स्वतः राहायला ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक नियोजन प्राधिकरण पातळीवर काम होतं. असलेल्या घराचं जोतं आणि दर्शनी रूप न बदलता होम-स्टे करणाऱ्या स्थानिकांनाही वाट ठेवलेली आहे. आता पुन्हा तळ्याकडे येतो.

सातबारा: वर्ष इथेच जातं

कुणी विचारलं की फाईल कुठे अडते, तर चेन्नई किंवा मंत्रालयाचं नाव घ्यायची लोकांना सवय आहे. माझ्या पाहण्यात दहातल्या सात फाईली गावातच, सातबाऱ्याच्या पायाशी बसलेल्या असतात.

कोकणातला सातबारा म्हणजे अर्ध्या वाडीची जनगणना. आजोबांच्या नावाखाली पाच मुलगे, दोन मुली, त्यातले तिघे वारलेले, वारसनोंद एकाचीच, आणि इतर हक्कात कुणा कुळाचं नाव. अशा सामायिक जमिनीवर एकट्याने अर्ज केला की पहिली त्रुटी तिथेच लागते. म्हणून आधी वारस फेरफार पूर्ण करून घ्या. नंतर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती नोंदणीकृत भाडेपट्ट्याच्या किंवा किमान नोटरी केलेल्या संमतिपत्राच्या रूपात घ्या. संमतिपत्रात ‘कोळंबी संवर्धनासाठी’ हे शब्द असू द्या. ‘शेतीसाठी’ असं लिहिलेलं पत्र एका शेजाऱ्याचं परत आलं होतं. आणि गणपतीत सगळे चाकरमानी गावी येतात, ते दहा दिवस सह्यांसाठीच राखून ठेवा. एकदा ते गेले की पुढची सही शिमग्याला.

जमीन खारभूमी योजनेच्या (खारं पाणी अडवून भातजमीन राखणाऱ्या) बांधाच्या आत आहे का, तेही तपासा. त्या बांधामागे शेजारी भात लावत असेल, तर तुमचं खारं पाणी त्याच्या खाचरात झिरपणार, आणि त्याची हरकत एका पानाची असली तरी ती तुमच्या शंभर पानांवर भारी पडते. खारभूमी खात्याचा अभिप्राय लागतो. उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) आणि बांध यांना तुम्ही हात लावणार नाही हे नकाशावर दिसलं पाहिजे. शेजाऱ्याकडे अर्जाच्या आधी जा. आपलं सांडपाणी कुठून बाहेर काढणार, मध्ये चर किती खोल ठेवणार, हे त्याच्या बांधावर उभं राहून दाखवा. माझ्या शेजारच्या आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चर आधी खण, मग माझा अंगठा घे.’ चर खणला, अंगठा मिळाला, आणि तो कागद पुढे जिल्हा समितीत सगळ्यात आधी वाचला गेला.

मग मोजणी. गावनकाशा, सातबारा आणि प्रत्यक्ष बांध यांचं कोकणात क्वचितच जुळतं. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका आणि परवडत असेल तर द्रुतगती फी भरा. मोजणीची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय पुढचा एकही नकाशा काढून घेऊ नका. नाहीतर तळ्याचा आराखडा एका हद्दीवर आणि मोजणी दुसऱ्या हद्दीवर, असं होतं.

हिरवा ठिपका

आता सगळ्यात नाजूक भाग. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे १:२५००० प्रमाणातले असतात. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलच्या टोकाखाली अख्खा बांध जातो. म्हणून आपल्या गटाचा निर्णय त्या नकाशावरून करू नका. गावनकाशावर चढवलेला १:४००० चा नकाशा लागतो, आणि भरतीरेषा आखून तो देण्याचं काम केंद्राने अधिकृत केलेल्या मोजक्याच संस्था करतात. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची दूरसंवेदन संस्था त्यातली एक. खर्च होतो आणि रांगही असते. बांधकामाच्या प्रस्तावाला हा नकाशा लागतोच. तळ्याच्या बाबतीत खाडी अगदी लगत असेल किंवा नकाशावर हिरवं दिसत असेल, तरच हा खर्च करा.

माझ्या गटाच्या पश्चिम कोपऱ्यावर उपग्रहाच्या चित्रात असा एक हिरवा ठिपका होता. टेबलावरच्या माणसाने त्यावर ‘कांदळवन असल्याचे दिसते’ एवढा शेरा मारला, आणि पाच महिने गेले. शेवटी वनरक्षक जागेवर आले. पायात गमबूट, हातात कोयती नाही, फक्त वही. बांधावर उभे राहून त्यांनी एक पान तोडलं. पानाचा आकार बदामासारखा, वर पिवळं फूल, खालचं जुनं फूल लालसर झालेलं. ‘हा तर भेंड आहे हो,’ ते म्हणाले. मग दहा पावलं खाडीकडे गेले, दुसरं पान तोडून उलटं केलं. खालची बाजू राखाडी, चंदेरी. पान जिभेला लावलं तर खारट. पायाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली. ‘हे तिवर. इथून टेप धरा.’

टेप ६३ मीटर आली, म्हणजे पन्नास मीटरच्या पट्ट्याबाहेर. पंचनामा झाला, फोटो झाले, अक्षांश-रेखांश लिहिले. हेच मी अर्जाच्या आधी स्वतः करून ठेवलं असतं, तर पाच महिने वाचले असते.

तेव्हा तुम्ही करा. गटाच्या चारी बाजूंनी शंभर-शंभर मीटर चाला. तिवर, चिपी, कांदळ, मारांडी जे जे दिसेल त्याचा जीपीएस ठिपका आणि फोटो घ्या. पडीक खाजणाचा (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीचा) जुना बांध फुटला असेल तर आत तिवर उगवलेलीच असते. ती ‘माझ्या मालकीच्या जागेतली’ असली तरी कांदळवनच. उपटायचा विचारसुद्धा करू नका. उपग्रहाची जुनी चित्रं कुणालाही बघता येतात, आणि मागच्या वर्षी हिरवं असलेलं यंदा करडं झालं की परवाना तर जातोच, गुन्हाही दाखल होतो. तिवर जागेत असेल तर तळं मागे घ्या. क्षेत्र कमी होईल, पण फाईल चालेल.

याच फेरीत अंतरंही मोजा. तटीय जलकृषी प्राधिकरणाच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५०० पेक्षा कमी वस्तीच्या गावापासून १०० मीटर, त्याहून मोठ्या गावापासून ३०० मीटर, आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १०० मीटर. वाडीची विहीर मोजायला विसरू नका. नैसर्गिक ओहोळ आडवला जात नाही ना, हेही बघा.

फाईल बांधणं

अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण तो फिरतो कागदावर. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, आणि तुमची फाईल तिच्यापुढे नेण्याचं काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय करतं. तिथे अर्ज देण्याच्या आधी एकदा रिकाम्या हाताने जा. तीनच गोष्टी विचारा: समितीची मागची बैठक कधी झाली, पुढची कधी आहे, आणि तिच्यापुढे विषय ठेवायचा तर कागद किती दिवस आधी पूर्ण लागतात. क्षेत्रफळाप्रमाणे प्रस्ताव आणखी वरच्या समितीकडे जाणार का, तेही तिथेच कळेल. बैठक तीन-तीन महिने होत नाही असंही असतं. मग चार दिवस उशिरा पोचलेली फाईल चार दिवस मागे पडत नाही, एक अख्खी बैठक मागे पडते.

आता कागदांतली एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. तुमच्या फाईलमध्ये जमिनीची तीन क्षेत्रफळं असतात. समजा सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरून १.८६ हेक्टर आहे, मोजणीत १.७९ निघालं, आणि आराखड्यात प्रत्यक्ष पाण्याखालचं क्षेत्र १.२० आहे. तिन्ही बरोबर असतात. पण अर्जाच्या एका रकान्यात १.८६ आणि नकाशावर १.२० दिसलं, की ‘क्षेत्रफळात तफावत, खुलासा करावा’ हे वाक्य ठरलेलं. त्यावर उपाय म्हणून एका पानाचा तक्ता करा: एकूण क्षेत्र, मोजणीचं क्षेत्र, बांध, साठवण तळं, सांडपाणी शुद्धीकरण तळं, संवर्धन तळी, शेड, रस्ता. शेवटी बेरीज, आणि खाली एका ओळीत सातबारा आणि मोजणीतल्या फरकाचं कारण. सगळं हेक्टर-आरमध्ये. एकर-गुंठे घरात बोलायला ठेवा. हा तक्ता अर्जाच्या पाठोपाठ दुसऱ्याच पानावर लावा.

नावाचंही तसंच. आधारवर ‘दत्तात्रय’, सातबाऱ्यावर ‘दत्ताराम’, बँकेत ‘दत्ता’ असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. पत्रव्यवहाराचा पत्ता अर्जदाराचा, चालू, मोबाइल आणि ईमेलसह द्या. मी कशामुळे सांगतोय ते वर आलंच आहे.

वन्नामेई करणार असाल तर हे लक्षात ठेवा, की ती परदेशी जात आहे. २००९ पासून तिला परवानगी मिळाली ती अटींवर, आणि साध्या नोंदणीवर ती सोडता येत नाही, वेगळी मान्यता लागते. कुंपण, पक्षी-प्रतिबंधक जाळी, साठवण तळं, सांडपाण्याचं तळं, प्रत्येक तळ्याची वेगळी अवजारं असं सगळं आराखड्यात दिसलं पाहिजे. २००९ च्या त्या अटींत घनतेची मर्यादा चौरस मीटरला ६० पिल्लांची आहे. अर्जात उत्साहाने ८० लिहिलेली फाईल मी स्वतः पाहिली आहे. दोन्ही मान्यता एकाच वेळी मागा. नोंदणी झाल्यावर वन्नामेईचा अर्ज करू म्हणणाऱ्याचा एक हंगाम हमखास जातो.

पानांना क्रमांक घाला, अनुक्रमणिका लावा, तीन संच करा आणि सगळ्याचं स्कॅन मोबाइलमध्ये ठेवा. सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना नको.

पोच, आणि घड्याळ

अर्ज दिला असं तोंडी समाधान मानून घरी येऊ नका. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या. बारनिशीत (टपाल घेणाऱ्या टेबलावर) बसलेले भाऊ म्हणतील, ‘उद्या या, साहेबांना दाखवून नंबर टाकतो.’ तिथेच बसा, चहा घ्या, पण क्रमांक घेऊनच उठा. त्या शिक्क्याआधीचा काळ कुठल्याच कायद्यात मोजला जात नाही.

आणि शिक्का मिळाला तरी घड्याळ लगेच चालू होतंच असं नाही. सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत राज्य प्राधिकरणाने ६० दिवसांत शिफारस करायची आहे, पण ‘परिपूर्ण प्रस्ताव मिळाल्यापासून’. हा ‘परिपूर्ण’ शब्दच सगळं खातो. एकेक त्रुटी सुटी सुटी काढत गेलं की प्रस्ताव वर्षभर अपूर्णच राहतो. म्हणून पहिल्या त्रुटीपत्राला उत्तर देताना क्रमांकवार उत्तर द्या, प्रत्येक उत्तरासमोर सोबतच्या पानाचा क्रमांक लिहा, आणि शेवटी हे वाक्य घाला: ‘वरीलप्रमाणे सर्व त्रुटींची पूर्तता केली असून प्रस्ताव आजच्या दिनांकास परिपूर्ण समजण्यात यावा. आणखी काही त्रुटी असल्यास त्या एकत्रितपणे कळवाव्यात.’ याचीही पोच घ्या. पुढे अपिलात जायची वेळ आली तर दिवस इथून मोजले जातात.

त्रुटीपत्राचं उत्तर सात दिवसांत गेलंच पाहिजे. एखादा कागद मिळायला वेळ लागणार असेल तर बाकीची पूर्तता थांबवू नका. उरलेल्या कागदासाठी केलेल्या अर्जाची पोच जोडून पाठवा.

स्थळपाहणीच्या दिवशी चार गोष्टी जागेवर हव्यात: हद्दीच्या कोपऱ्यांवर चुन्याने रंगवलेले दगड, तळ्यांचे कोपरे दाखवणाऱ्या काठ्या, मोजणीची ‘क’ प्रत आणि ५० मीटरची टेप. पाहणी ओहोटीच्या वेळी ठेवायला सांगा, कारण भरतीत तिवरेचं मूळ दिसत नाही आणि काठ पुढे आल्यासारखा वाटतो. दोन पंच गावातलेच असू द्या. पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो मोठ्याने वाचून घ्या. ‘अंदाजे’ लिहिलं असेल तिथे मोजलेला आकडा टाकायला नम्रपणे सांगा. ‘साहेब, टेप आहेच, मोजून टाकूया का?’ एवढं पुरतं. आणि हो, त्या दिवशी जागेवर पोकलेन उभा नसावा. परवान्याच्या आधी खोदाई सुरू केलेली दिसली की पाहणी अहवालाऐवजी कारवाईचा अहवाल तयार होतो.

तरीही फाईल हलत नसेल तर

भांडायची घाई नको, पण वाट बघायचीही एक मुदत असते. मी स्वतः अशी चढण ठेवतो.

पहिले सहा आठवडे दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन फाईल कुठल्या कार्यासनावर आहे एवढंच विचारायचं आणि वहीत तारीख, टेबल, उत्तर लिहायचं. ‘झालं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘आता कुणाचा अभिप्राय बाकी आहे?’ हा विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की अमुक खात्याला पत्र गेलंय, तिकडून आलेलं नाही. मग त्या पत्राचा जावक क्रमांक घ्या आणि तिकडच्या बारनिशीत जाऊन ते पत्र शोधा. अर्ध्या वेळा ते पोचलेलंच नसतं.

त्यानंतर स्मरणपत्र, आणि त्यात ‘दफ्तर दिरंगाई’ कायद्याचा उल्लेख. महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा आणि विलंबाला प्रतिबंध करणारा हा कायदा. त्याच्या कलम १० प्रमाणे साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. न्यायप्रविष्ट आणि केंद्राशी संबंधित प्रकरणं यातून वगळलेली आहेत, त्यामुळे चेन्नईच्या टेबलाला हा लागत नाही. पण तहसील, मत्स्यव्यवसाय, भूमी अभिलेख यांना लागतो.

मग माहितीचा अधिकार. राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. मजकूर असा ठेवा:

‘माझ्या दिनांक … रोजीच्या, आवक क्रमांक … च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा दिनांकनिहाय तपशील मिळावा. सदर नस्ती कोणकोणत्या अधिकाऱ्यांकडे किती कालावधीसाठी होती याचा तपशील मिळावा. टिपणी भागाच्या सर्व पानांच्या प्रती मिळाव्यात.’

‘उशीर का झाला?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायचं बंधन नसतं, नोंदीची प्रत द्यायचं असतं. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी, पण खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा अर्ज पोचल्यापासून दहा-बारा दिवसांत फाईलच हलते. टिपणीची पानं मिळाली की ती नीट वाचा. कुणी कुठे काय शंका घेतली ते तिथे त्यांच्याच अक्षरात असतं. तोंडी सांगितलेलं कारण आणि तिथलं कारण वेगळं निघालं, तर त्यात नवल नाही.

मोजणी, फेरफार, उतारे यांसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेची मुदत कचेरीतल्या फलकावर लावलेली असते. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी आयोग. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथला फायदा असा की सगळी खाती एकाच सभागृहात असतात, आणि ‘तिकडून अभिप्राय आला नाही’ म्हणणाऱ्याच्या शेजारीच ‘तिकडचे’ बसलेले असतात. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. केंद्राच्या पातळीवर अडकलं असेल तर सीपीग्राम्सवर (केंद्राच्या तक्रार पोर्टलवर) तक्रार आणि केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर अर्ज.

उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली ‘अर्जावर निर्णय घ्या’ एवढीच मागणी करणारी याचिका करता येते. निर्णय आपल्याच बाजूने द्या असं तिथे मागू नका, ठराविक मुदतीत निर्णय घ्यावा एवढंच मागा. ती लवकर निकाली निघू शकते. वर जमवलेल्या पोचपावत्या वकिलाला तिथेच उपयोगी पडतात. पाच पावत्या नसतील तर याचिकेचा खर्च करू नका.

एजंटबद्दल विचाराल तर आराखडा आणि नकाशा काढणाऱ्या तंत्रज्ञाला पैसे द्या, ते कामाचे आहेत. ‘वर आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्याला देऊ नका. तो तुमची फाईल हलवतो की ती हलायचीच होती तेव्हा फोन करतो, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

वाट पाहताना

या काळात खोदाई करता येत नाही, पण बाकीचं करता येतं. मातीची तपासणी करून घ्या. सामू (पीएच) साडेसातच्या आसपास आणि चिकणमातीचं प्रमाण चांगलं असेल तर तळं पाणी धरतं. पनवेलचं खारजमीन संशोधन केंद्र आणि रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय यांच्याशी बोलून ठेवा. खाडीच्या पाण्याची क्षारता दर पंधरवड्याला, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा मोजून लिहा. पावसाळ्यात ती किती खाली जाते ते कळेल, आणि हीच वही पुढे बँकेत आणि समितीतही दाखवता येते. वीज जोडणीचा अंदाजपत्रकासाठी अर्ज करा. अनुदान हवं असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के आहे. मात्र त्या प्रस्तावाला नोंदणीचा कागद लागतो, म्हणून क्रम उलटा करू नका. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्याचा संबंध वीजदर, कर्ज, विमा यांच्याशी आहे. ‘आता शेतीच झाली, परवाना कशाला?’ असं म्हणत आमच्या खाडीवर दोघांनी मशीन लावलं होतं, ते बंद पडलं.

नोंदणी हातात आली की प्रमाणपत्रावरचा गट नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि नाव त्याच दिवशी तपासा. हिस्सा नंबरातल्या एका आकड्याची दुरुस्ती करून घ्यायला मला सात आठवडे लागले, आणि तेवढ्यात निर्यातदाराकडच्या शेतनोंदणीची तारीख गेली. प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून भागत नाही, कॅलेंडर दर वर्षी बदलतं. मी ती पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवली आहे.